डबा कुणी खाल्ला

पळसाच्या पत्रावळी गुणाबाईनेच आदल्या दिवशी टाचल्या होत्या. तेरा करायच्या होत्या, पण हात चालतो तो चालतोच. शेवटी मोजल्या तर चौदा निघाल्या. चौदावी तिने कुणी पाहायच्या आत चुलीत सारली. पानं कोवळी होती, जळेनात. उगीच धुमसत राहिली आणि घरभर धूर करून गेली.

गोजरांच्या भावकीत घरं तेरा. आठ वर्षांपूर्वी चौदा होती. हे सांगताना गावातली माणसं अजून घसा खाकरतात.

अठ्ठ्याण्णव सालचा वैशाख होता. बोकड सकाळीच दिला गेला. गुणाबाईचा एकुलता शेखर काठी टेकत का होईना, पण स्वतःच्या पायांनी गावदेवीपर्यंत चालत गेला, आणि नवस फिटला असं सगळ्यांनी धरून टाकलं. दिवाळीनंतर कसारा घाटात त्याचा टेम्पो उलटला होता आणि मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं. शहापूरहून कल्याणला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन गुणाबाई बोलून गेली होती, आई, पोरगा चालत आला तर बोकड देईन. ड्रायव्हर साक्षीला होता.

आता खळ्यात तरटावर बसून मंगळूकाका वाटे लावत होते. हे तिच्या नवऱ्याचे, देवरामचे, चुलते. भावकीत सर्वांत थोरले. प्रत्येक पत्रावळीवर थोडं काळीज, थोडं हाड, थोडं मऊ. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. वाटा घरी पोचल्याशिवाय तेरा घरांतलं कुणी तोंडात पाणीसुद्धा घालत नाही. वाटा घरी आला की तुम्ही गोजर. नाही आला की तुमचं आडनाव नुसतं रेशनकार्डावर.

"आजा, चौदा लावा," शेखर ओट्यावरून म्हणाला.

मंगळूकाकांचा सुरा थांबला. "चौदावा कुणाचा रे?"

"काळूकाकाचा. मी बोलावलंय त्यांना. आसनगावला उतरून रिक्षाने येतील."

स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभ्या असलेल्या गुणाबाईने ते तिथेच खाली टेकवलं. काळूराम म्हणजे देवरामचा धाकटा भाऊ. वाशिंदच्या कारखान्यात कामाला, तिथेच भाड्याच्या खोलीत राहायला, आणि आठ वर्षांपासून येशूचा.

"देवराम, पोराला सांगितलं नायस तू?" मंगळूकाका म्हणाले.

देवराम घमेलं घासत होता. शाळेत शिपाई असल्यामुळे त्याला सगळं घासूनपुसून ठेवायची सवय होती, बोलणंसुद्धा. "त्याला माहीत हाय सगळं," तो घमेल्याला म्हणाला.

"मला एवढंच माहीत हाय," शेखर म्हणाला, "का मी पडलेला होतो तेवा एक्केचाळीस दिवस जनाकाकी येत होती. भावकीतलं कोण कोण आलं ते मोजायला आजाला एक हात पुरंल."

"शेखर," गुणाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज रागाचा वाटला असेल. तो रागाचा नव्हता. पोराने आणखी एक वाक्य बोलू नये एवढंच तिला हवं होतं.

कारण पुढचं वाक्य डब्याचं होतं.

*

भावकीचा नेम साधा होता. भावकीतून काढलेल्या घराचं अन्न कुणी घ्यायचं नाही. आणि ज्याने नवस बोललाय त्याने तर मुळीच नाही. घेतलं तर नवस देवीपर्यंत पोचतच नाही. हॉटेलचं चालतं. हॉटेलाला भावकी नसते.

कल्याणला पहिल्या दिवशी जना जेव्हा ॲल्युमिनियमचा तीन पुडांचा डबा घेऊन आली, तेव्हा गुणाबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ही धाकटी जाऊ, काळूरामची बायको. पूर्वी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिला 'बाय' म्हणायची. आठ वर्षांनी आली तरी तेच म्हणाली.

"बाय, भाकर गरम हाय."

"ठेव तिथं."

डबा स्टुलावर संध्याकाळपर्यंत राहिला. दुपारभर गुणाबाई वॉर्डाच्या खिडकीतून खाली बघत बसली आणि दुपारभर तिला सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास येत राहिला. दिवेलागणीला तिने उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून, तिन्ही पुडं रिकामी केली. दुसऱ्या दिवशी बसून खाल्लं. आठव्या दिवशी 'मीठ कमी पडलंय गो' असंही म्हणाली. म्हणजे माणसं किती लवकर पुन्हा आपली होतात ते बघा.

डबा खाऊन झाला की दोघी जावा खाटेच्या पायथ्याशी बसायच्या. शेखर झोपलेला असायचा. जना त्याच्या पायावर हात ठेवून डोळे मिटायची, ओठ हलवायची, आणि तेवढा वेळ गुणाबाई दाराकडे बघत राहायची, गावचं कुणी येत नाही ना.

मग एक दिवस तिने विचारलं. तांदूळ निवडणारी बाई होती ती. कुठलीही गोष्ट सुपात घेऊन खडा बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"तुझ्या देवाचा वार कोणता?"

"सगळेच."

"वाहन?"

जना विचारात पडली. "एकदा गाढवावर बसला होता. ते पण मागून आणलेलं."

"अगो बाय. नि बायको?"

"नाय."

"घर?"

"डोकं टेकायला जागा नव्हती."

"मग जेवायचा कुठं?"

"कुणी बोलावलं तिकडं. वसुली करणारे, नावं ठेवलेल्या बायका, अंगावर कोड फुटलेली माणसं. लोकांचा तोच राग होता त्याच्यावर. कुणाच्या पण पंगतीला बसतो म्हणून."

गुणाबाईने हे बराच वेळ सुपात फिरवलं. तिच्या माहितीतल्या सगळ्या देवांचं सोवळं-ओवळं होतं. माणसंच जपायची ते. "देव हाय का माणूस?"

"दोनी."

"अर्धा-अर्धा?"

"नाय ना. पुरता देव नि पुरता माणूस."

"एका पायलीत दोन पायल्या भात कसा मावंल गो?"

जना हसली. "मला पण नाय उमगत, बाय. पण तहान लागायची त्याला. दमून होडीत झोपायचा. मित्र मेला तर रडला. नि त्याच मित्राला हाक मारून थडग्यातून बाहेर काढला. रडणारा पण तोच नि काढणारा पण तोच. मी तेवढंच धरून ठेवते."

आणखी एका दिवशी तिने पेत्राची गोष्ट सांगितली. येशूने आपल्या माणसांना विचारलं, तुम्ही मला कोण म्हणता? तेव्हा बरोबर उत्तर दिलं ते या पेत्राने. तू ख्रिस्त, देवाचा मुलगा. आणि येशूला धरून नेलं त्या रात्री विस्तवापाशी शेकत बसलेल्या पेत्राला एका मोलकरणीने नुसतं विचारलं, तू त्याच्यातलाच ना, तर म्हणाला, मी ओळखतही नाही. एकदा नाही, तीनदा. मग कोंबडा आरवला.

"नि मग?" गुणाबाई म्हणाली. "तो उठला ना मेल्यावर? मग याला चांगला धरला असंल."

"नाय. एकदा पहाटे पेत्र नि बाकीचे मासे मारून काठाला आले, तर हा तिथं निखारे करून बसलेला. वर मासे भाजत ठेवलेले, भाकर ठेवलेली. म्हणाला, या, न्याहारी करा."

"न्याहारी म्हणाला?"

"तसंच लिहिलंय."

"देव?"

"हां."

गुणाबाई डब्याची पुडं एकात एक बसवत राहिली. न्याहारी हा तिचा शब्द होता. बांधावर बसून, हात पुसून, कांदा फोडून खायची ती न्याहारी. देवाच्या तोंडी तो शब्द बसतो कसा हे तिला समजेना, आणि समजत नसूनही तो निघेना.

घरी आल्यावर बायकांनी विचारलं, एवढे दिवस जेवलीस कुठं? ती म्हणाली, कॅन्टीनला. देवरामने विचारलं, किंवा विचारल्यासारखं केलं. त्यालाही तेच सांगितलं. शेखरला बजावलं, कुणी विचारलं तर कॅन्टीन सांग. तो हसला होता. शेवटच्या दिवशीचा डबा परत द्यायचा राहून गेला होता. तो तिने भाताच्या कणगीत, खोल, हात कोपरापर्यंत जाईल इतका खोल पुरून ठेवला.

*

रिक्षा वाजली तेव्हा तेरा वाटे लागून झाले होते.

काळूराम पांढऱ्या सदऱ्यात होता. मागून जना, हातात कापडी पिशवी. खळ्याच्या कडेला दोघं थांबली. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं आणि जा असंही नाही. मग ओट्यावर वाल सोलत बसलेल्या बाईजाने, दोघा भावांच्या आईने, डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण गो, जना? बारीक झालीस."

"नाय आई, तशीच हाय."

"मग मला बारीक दिसायला लागलं. ये, वाल सोल."

जना आईशेजारी जाऊन बसली. गुणाबाईने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तिच्यासमोर नाही, आईसमोर. जनाने तो उचलला नाही. "बाय, बऱ्या हाव ना?" एवढंच म्हणाली.

"हाय बरी," गुणाबाई तांब्याकडे बघत म्हणाली.

काळूराम अजून उभाच होता. "दादा, एक बोलायचं होतं. सगळ्यांसमोर."

"आता काय नवीन?" मंगळूकाका म्हणाले. "मागल्या खेपेला बोलून गेलास ते पुरलं आमाला."

"त्याच्याचसाठी आलोय, काका."

मागल्या खेपेचं सगळ्यांना पाठ होतं. देवीचा वाटा काळूरामच्या घरी गेला, तो घेऊन तसाच इथे आला, याच खळ्यात पत्रावळ ठेवली आणि म्हणाला, दगडापुढचं माझ्या घरात नको. आणि पायाने ती लोटली. कुत्र्यांनी पळवली. आई तेव्हाही ओट्यावरच बसली होती.

"दारू सुटली होती माझी नुकती," काळूराम म्हणाला. "गाणी म्हणायला, टाळ्या वाजवायला शिकलो होतो. येशू कोण ते माहीत नव्हतं, दादा. मला वाटलं तुमाला हाणायला एक काठी मिळाली. मग वाचायला शिकलो. नीट, ओळीवर बोट ठेवून. सगळं पुस्तक धुंडाळलं, तर तो कुठं कुणाचं पान लाथाडताना सापडेना. जेवायला बसतो, नि ज्याच्या घरी बसला त्याची लाज राखतो. ते वाचून मला माझ्या पायाची लाज वाटायला लागली. आठ वर्षं झाली. आई, मी चुकलो."

आईने एक वाल उचलला, सोलला, भांड्यात टाकला. "तेवा बोलला असतास तर कुत्र्यांना तरी हाकललं असतं," ती म्हणाली. पुढचा वाल तिने न सोलताच भांड्यात टाकला.

देवरामने घमेलं खाली ठेवलं. गुणाबाईला त्याची पाठ दिसत होती, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात पाठीवरून तिला कळायचं. तो विरघळला होता. "मग झालं तर," तो म्हणाला. "काका, चौदावा वाटा लावा. काळ्या, मी शहापूरच्या सोनाराकडून तुझ्या येशूचा चांदीचा टाक करून आणतो. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसव. त्याचा मान त्याला, आमचा आमाला. भांडण मिटलं."

त्याने हे मनापासून म्हटलं होतं. याहून मोठं काही देवरामकडे द्यायला नव्हतं. म्हणूनच काळूरामला उत्तर द्यायला वेळ लागला.

"दादा, तो रांगेत नाय बसत."

"एवढा गर्व?"

"उलटं हाय. देव्हाऱ्यात बसवला का त्याला आंघोळ आपण घालायची, निवद आपण दाखवायचा. यानं तर शिष्यांचे पाय धुतले. भाकर मोडून दिली नि म्हणाला, हे माझं शरीर, घ्या, खा. आमच्यात पण वाटाच असतो, दादा. फक्त बोकड नाय दिला. तो स्वतः गेला."

मंगळूकाका इतका वेळ सुरा पुसत होते. नको नको म्हणताना त्यांनीही कान दिला होता. "देवच बळी गेला? मग द्यायचं कुणाला?"

"मी पण तिथंच अडकतो, काका. द्यायचं कुणालाच नाय. त्यानं आपल्याला दिलं."

"हे काय मला पटत नाय."

"मला पटायला बी चार वर्षं गेली."

"मग वाटा घेणार का नाय तेवढं बोल," देवराम म्हणाला. त्याची पाठ पुन्हा ताठ झाली होती.

"नाय घेता येणार. राग मानू नको. वाटा खोटा वाटत असता तर खाल्ला असता, मटणच ते. पण वाटा खाल्ला का नातं लागतं, हे तूच मला शिकवलंस, लहान होतो तेवा. ते खरं मानतो, म्हणून नाय घेत. माझं नातं एकाशी लागलंय. पण तुमच्यात बसायला आलोय. बसू दिलंत तर."

माश्या तेराही वाट्यांवर सारख्या फिरत होत्या.

"बस की," मंगळूकाका म्हणाले. "बसायला कुणाची ना नाय." आणि मग, सुरा तरटाखाली सारत, "पण आता विषय निघालाच हाय तर दुसरं एक विचारून घेतो. माझ्या जावयानं कल्याणला बघितलं. रोज बाराच्या सुमाराला ही जना डबा घेऊन दवाखान्यात. गुणाबाय, इकडं ये."

गुणाबाई दारातून दोन पावलं पुढे आली.

"नवस तुझा. पोरगा तुझा. वाटे घरोघर जायच्या आधी विचारतो, म्हंजे मागून बोल नको. त्या डब्यातलं तू खाल्लंस?"

तिला शेखर दिसला. काठी आडवी धरून बसलेला, उजवा पाय लांब केलेला. त्या पायात लोखंडाची पट्टी होती. डॉक्टर म्हणाला होता, पावसाळ्यापर्यंत सांभाळायचं. नवस पोचला नसेल तर त्या पायाचं काय, हे डॉक्टरला विचारता येण्यासारखं नव्हतं.

"मी कॅन्टीनला जेवत होते," ती म्हणाली.

जना दहा हातांवर होती.

"खरं का गो?" मंगळूकाकांनी जनाला विचारलं.

जनाने हातातला वाल सोलला. तिने गुणाबाईकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "डबा मी शेखरसाठी नेत होते, काका," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. आजारी माणसासाठीच नेत होती ती. खोटं न बोलता एका माणसाला झाकता येईल एवढंच कापड तिच्याकडे होतं, आणि ते तिने सगळं गुणाबाईवर टाकलं.

गुणाबाई आत आली. माजघरात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण कान देऊन ऐकतोय. बायकांना एकदा, नवऱ्याला एकदा, हे तिसरं. पण कोंबडा काही आरवला नाही. गोजरांचे कोंबडे त्या वेळेला पडवीत पंख पसरून धापा टाकत असतात. आरवण्याची जबाबदारी त्यांनी कधीच सोडली आहे. तिला वाटलं, आरवला असता तर सुटका झाली असती. रडता आलं असतं. त्या पेत्राला निदान रडता तरी आलं.

बाहेर मंगळूकाका म्हणत होते, "चला, उचला वाटे."

तिने कणगीत हात घातला. भात थंड होता. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. क्षणभर तिला वाटलं डबा तिथे नाहीच, आणि तिला जे हायसं वाटलं त्याची पुढे किती वर्षं तिला लाज वाटत राहिली. मग बोटांना कडी लागली.

ती बाहेर आली तेव्हा डब्याच्या खाचांत भाताचे दाणे अडकले होते. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं, जना काळूराम गोजर. तिने डबा तरटाच्या कडेला, तेराव्या पत्रावळीशेजारी ठेवला. ती तिच्या स्वतःच्या घराची पत्रावळ होती.

"मी खाल्लं," ती म्हणाली. "एक्केचाळीस दिवस. मीठ कमी हाय म्हणून नावं ठेवून खाल्लं. नि शेखरला खोटं बोलायला मीच शिकवलं. जनाला खाली बघायला लावलं ते पण मीच."

मंगळूकाका डब्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. "मग नवस गेला की गो पोरी. बोकड फुकट गेला. देवीचं काम हाय, मी काय करू?" मग त्यांनी देवरामकडे पाहिलं. "तुला ठावं होतं?"

देवराम जमिनीकडे बघत होता. एवढा वेळ की शेखरने काठी उभी केली, उठावं म्हणून.

"रविवारी जायचो मी," देवराम म्हणाला.

एवढंच. पण रविवारी दवाखान्यात दुपारी कुणी कुठलं खाल्लं ते त्यात सगळं आलं. गुणाबाईला ठाऊक होतं. बोंबलाची चटणी तो बोटाने पुसून खायचा आणि मग तोंड धुवायला नळावर जाऊन खूप वेळ लावायचा. घरी येऊन 'जेवलीस कुठं' असं विचारलं ते दोघांनाही खोटं सोपं जावं म्हणून. चार महिने एका चुलीवर राहून दोघांनी एकमेकांना एकच गोष्ट सांगितली नव्हती.

मंगळूकाकांनी तेरावी पत्रावळ उचलली. तिच्यातलं काळीज, हाड, मऊ सगळं त्यांनी बाकीच्या बारांवर सारखं वाटून टाकलं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. सुरा पुसला, तरट गुंडाळलं. "पुढल्या चैत्रात परत बोलू. तोवर तुमच्या घरात वाटा नाय," ते म्हणाले, आणि जाताना काळूरामच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. बारा घरांचे बारा वाटे बारा दिशांना गेले.

खळ्यात रिकामी पत्रावळ आणि डबा राहिला.

"आता झालो सारखे," बाईजा ओट्यावरून म्हणाली. "दोन भाऊ, दोघांना वाटा नाय. मला कुणीतरी खायला घाला. सकाळपासून उपाशी ठेवलंय म्हातारीला."

कुणाला हसू आलं नाही. शेखरला थोडं आलं, ते त्याने खोकून घालवलं. देवराम तसाच उकिडवा बसून होता आणि काळूराम त्याच्यापासून हातभर अंतरावर, तितकाच उकिडवा. लहानपणी दोघं मार खाल्ल्यावर असेच बसत असतील.

गुणाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली. तिला भीती वाटत होती. शेखरच्या पायाची वाटत होती, देवीची वाटत होती. खरं बोललं की भीती जाते असं जे म्हणतात ते तिच्या बाबतीत तरी झालं नव्हतं. उद्या पहाटे देवीपुढे दिवा लावून ती पदर पसरणार होती. पण आत्ता या क्षणी तिला सगळ्यांत जड होतं ते एकच, मान वर करून जनाकडे बघणं.

पावलं तिच्या जवळून आत गेली. आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी राख सारत होतं, फुंकणीने निखारे फुलवत होतं. पिशवी उघडल्याचा आवाज आला. जनाने आईला आवडतात म्हणून सुके बोंबील आणले होते, आणि फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकरी. निखाऱ्यांवर बोंबील पडले, आणि दिवाळीपासून जो वास गुणाबाई या घरात येऊ देत नव्हती तो माजघर ओलांडून ओट्यापर्यंत आला.

ऊन कलायला लागलं होतं. न्याहारीची वेळ कधीच टळून गेली होती; पण त्या घरात सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

जना दारात आली. हात पदराला पुसले. आधी आईला म्हणाली, मग भावांना, मग शेखरला. शेवटी गुणाबाईसमोर येऊन थांबली. फक्त तिच्या पायांची बोटं दिसत होती, राखेने पांढरी झालेली.

"बाय," ती म्हणाली, "या, न्याहारी करा."

गुणाबाईने हात पुढे केला. मान मात्र वर करवेना. जनाने तो हात धरला, आणि ती उठेपर्यंत धरून ठेवला.